सुंठेचे बारा वेढे

“याले डोकेदुखी नाही म्हणत वं बाई, याले नणंद म्हणतात. किती दिवस मुक्काम आहे तिचा?”

मागच्या पडवीतून हे ऐकू आलं तेव्हा मी आईच्या मागे, दाराशी उभी होते. आत पाटावर एक बाई डोळे मिटून बसली होती. तिच्या कपाळावर ओला लेप होता आणि ती हसू दाबत होती. “दिवाळीपर्यंत,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“मंग दिवाळीपर्यंत येत जा.” लेप लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी बोटं पाण्याच्या वाटीत बुडवली आणि वर न बघताच विचारलं, “अन् ही मागे लपलेली कोण? कॉन्व्हेंटवाली का?”

त्या मनूआत्या. नागपूरच्या महाल भागात आमच्या समोरच्या घरात नाना वैद्य राहत, त्यांच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन जवळच्या खापा गावी गेल्या होत्या. नवरा वारल्यावर भावाकडे परत आल्या, त्याला तीस वर्षं झाली होती. बोलणं मात्र खाप्याचंच राहिलं होतं. नानांचा मुलगा प्रभाकरदादा त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणत असे. सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि रोज दुपारनंतर माझं डोकं धरायचं. कपाळाभोवती ओलं फडकं आवळून बांधावं आणि ते वाळताना आणखी आवळत जावं, तसं. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब बघितला आणि ‘टेन्शन’ असं सांगून गोळ्या दिल्या. आईनं तो शब्द आत्यांच्या कानावर घातला.

“डाक्टरनं बारसं केलं म्हणजे,” आत्या म्हणाल्या. “नाव ठेवलं अन् मोकळा झाला. बस इथं.”

मी बसले. त्यांनी आधी माझी वेणी सोडली. मग दोन्ही अंगठे कानांच्या खाली, जबड्याच्या सांध्यावर ठेवून दाबले. मी कळवळले.

“दाताखाली काय धरून ठेवलं वं?”

“काही नाही.”

“मंग सोड ना.”

मी दात आवळून बसते हे मला त्या दिवशी कळलं. वीस वर्षांत ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

नाना पुढच्या बैठकीत गादीवर बसत. दारावर पितळी पाटी होती, तिच्यावर त्यांचं नाव. ते नाडी बघत, काढे सांगत. डोकेदुखीचा रोगी आला की मात्र ते फक्त हनुवटी आतल्या बाजूला वळवत आणि म्हणत, “आत जा.” आत म्हणजे आत्यांकडे. रोगी अर्ध्या तासानं कपाळ पुसत बाहेर यायचा, नानांना वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, “नाना, तुमचा लेप म्हणजे लेपच.” नाना डोळे मिटून मान हलवत. अशा वेळी आत आत्या सहाण धुतलेलं पाणी मोरीत जरा जोरानं फेकत. बाकी काही नाही.

त्यांचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावायचं. चंदनाचं खोड, वाळ्याच्या मुळ्या, वेखंड, सुंठ, आणि पायाच्या तळव्यांना चोळायला माक्याचं तेल. सहाण वर्षानुवर्षं घासून मधोमध खोलगट झालेली. बाळगुटी उगाळतात तसं त्यांचं मोजमाप वेढ्यांचं होतं. सहाणेवर एक पूर्ण गोल फिरवला की एक वेढा. चंदनाचे चाळीस, वाळ्याचे वीस, वेखंडाचे पाच आणि सुंठेचे बारा. सुंठ कमी पडली तर लेप म्हणजे नुसती माती, जास्त झाली तर कपाळ भाजतं, असं त्या सांगत. लेप तडकायच्या आधी उतरवायचा, निजायचं नाही आणि बोलायचं नाही. शेवटचा नियम रोग्यासाठी होता. त्या स्वतः बोलतच असत.

आलेल्या प्रत्येकाला लेप मिळायचा असंही नाही. एका शाळामास्तरांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. “सकाळपासून काय खाल्लं?” मास्तर म्हणाले, चहा. “मंग घरी जाऊन भाकर खा. उपाशी माणसाच्या कपाळावर मी काहून चंदन वाया घालू?” अर्धशिशी असली तर त्या उजाडायच्या आधी बोलवत आणि झाडावरून नुकताच तोडलेला कच्चा पेरू उगाळून लावत. “सहाला येते,” कोणी म्हणालं की विचारत, “सूर्य तुह्या घड्याळानं उगवते का?”

एकदा गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. गल्लीत ती शिरू शकत नव्हती, म्हणून कोणा बड्या अधिकाऱ्याच्या पत्नी नाकाला रुमाल लावून चालत आल्या. मी तेव्हा तिथंच होते, लेप लावून, मुकी. आत्यांनी त्यांच्या केसांत हात घातला आणि एकेक पिन काढून पाटावर ठेवायला सुरुवात केली. पिनांचा ढीग झाला. मग हातभर लांब गंगावन निघालं. आत्यांनी ते उचलून उजेडात धरलं.

“हे कोणाचं आहे?”

बाईंचा चेहरा लाल झाला.

“ज्याचं आहे त्याले परत द्या. दुसऱ्याचे केस वागवून राहिल्या, मंग डोकं नाही दुखंन तर काय गाणं म्हणंन?”

बाई पुन्हा आल्या नाहीत. पण त्यांचं डोकं दुखायचं थांबलं असं त्यांच्या ड्रायव्हरनं येऊन नानांना सांगितलं, आणि बरोबर पेढे आणले. नानांना.

मी त्यांचं कौतुक लिहायला बसलेली नाही. त्या प्रेमळ नव्हत्या. माझ्याशी कधी गोड बोलल्या नाहीत. मी खाली बघत ओठांतल्या ओठांत बोलत असे म्हणून मला “मॅडम” म्हणत आणि बायकांसमोर माझी नक्कल करत. कुठलीही वस्तू लपवून ठेवायची त्यांना खोड होती. साखर त्या वेखंडाच्या डब्यात ठेवायच्या, कोणी हात लावू नये म्हणून. त्यामुळे त्या घरच्या चहाला कायम वेखंडाचा वास. संत्र्यांच्या दिवसांत फोडी मोजून वाटत, गूळ पांघरुणांत ठेवत आणि विसरत, मग पांघरुणांना मुंग्या. प्रभाकरदादा हसून म्हणायचा, “आमची आत्या स्वतःचं नावही लपवून ठेवंन.” सगळे हसत. त्याही हसत. भावाच्या घरी तीस वर्षं राहणाऱ्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं त्या पेटीशिवाय काहीच नव्हतं, आणि ज्याच्याकडे काही नसतं तो काय लपवतो, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

माझी परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात प्रभाकरदादानं ठरवलं की लेपाची पूड करून बाटल्यांतून विकायची. लोकांनी घरी कोमट पाण्यात कालवून लावायची. नाव ठेवलं ‘निवांत लेप’. लेबलावर नानांचा फोटो. परवान्याचा अर्ज इंग्रजीतून करायचा होता आणि त्यात प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहायचं होतं.

“उषा, तुझं इंग्रजी फर्स्टक्लास आहे,” तो मला म्हणाला. “तू आत्याजवळ बस, ती वेढे घालंन, तू वजन करून लिहून घे. मले ती उभं करत नाही.”

माझ्या इंग्रजीचा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग होता. मी वही घेऊन गेले. त्यानं सोनाराकडून छोटा काटा मागून आणला होता.

मला वाटलं होतं आत्या नाही म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, “बाटलीवर कोणाचं नाव राहीन?”

“नानांचं,” मी म्हटलं.

“हौ,” त्या म्हणाल्या आणि चंदनाचं खोड हातात घेतलं.

उगाळलेलं पितळी ताटलीत घ्यायचं, गच्चीवर ठेवायचं, एप्रिलच्या उन्हात तासाभरात ते खडखडीत वाळायचं, मग काट्यावर. पहिल्या दिवशी चंदन झालं, दुसऱ्या दिवशी वाळा आणि वेखंड. तिसऱ्या दिवशी मी गेले तर आत्यांचं मनगट सुजलं होतं. सकाळभर त्यांनी वर्षाचे पापड लाटले होते.

“आज तू घास, मॅडम. मी मोजते.”

मी सुंठ घेतली आणि परीक्षेला बसावं तशी सहाणेसमोर बसले. चांगलं करून दाखवायचं होतं. मी सगळा जोर लावला. आत्या वेढे मोजत होत्या आणि मधेमधे म्हणत होत्या, “हलक्या हातानं वं. सुंठ आहे ते, भांडं नाही.” मी हात हलका करायचे आणि दोन वेढ्यांत पुन्हा दाबायचे. ते माझ्या हाताला कळतच नव्हतं. दातांसारखंच.

बारा वेढे झाले. ताटली गच्चीवरून वाळून आली तेव्हा आत्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. त्यांच्या हातच्या सुंठेच्या तिप्पट तरी असेल.

“हे माह्यं माप नव्हे,” त्या म्हणाल्या. “तुह्या हाताचं आहे. हे लिहू नको. पर्वा मनगट उतरलं की मी घासते.”

“हो,” मी म्हटलं. वजन मात्र मी आधीच वहीत लिहिलं होतं.

संध्याकाळी प्रभाकरदादा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अर्ज द्यायचा होता, टाइप करणारा माणूस वाट बघत बसला होता. “झालं ना सगळं?” त्यानं जिन्यातूनच विचारलं. मला सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण त्यानं विचारलं असतं, का नाही झालं, मग मला सांगावं लागलं असतं की मला घासता आलं नाही, आणि तो आईसमोर हसला असता. मी वही दिली. त्यानंतर दोन दिवसांनी आत्यांनी निरोप पाठवला, मनगट उतरलं, ये. मी गेले नाही. आईला सांगितलं, माझं डोकं दुखतंय. आणि ते खरंच दुखत होतं.

पावसाळ्यानंतर बाटल्या बाजारात आल्या. महिन्याभरात पहिली बाई आली. कपाळावर भुवयांपासून केसांपर्यंत लाल पट्टा, जणू इस्त्री टेकवली होती. मग दुसरी आली. मग एक तरुण कारकून आला, त्याच्या कानशिलांवर फोड होते आणि आठवड्यावर लग्न होतं. तो बैठकीत उभा राहून ओरडला. महालात ही बातमी पसरायला एक दुपार पुरली. बाटल्या परत येऊ लागल्या, पायरीवर रांगेनं ठेवून लोक न बोलता निघून जायचे. नानांच्या काढ्यासाठी येणारेही कमी झाले.

प्रभाकरदादानं मला बोलावून घेतलं. बैठकीत नाना होते, तो होता, आणि आतल्या दाराच्या चौकटीत आत्या उभ्या होत्या. त्या बैठकीत येत नसत.

“सुंठ किती पडली पाहा,” तो वही आपटत म्हणाला. “हिनं मुद्दाम जास्त सांगितली. तीस वर्षं खाऊ घातलं आम्ही!”

“मी पोरीले म्हटलं होतं,” आत्या म्हणाल्या, “हे लिहू नको. तिच्या हाताचं माप होतं ते.”

तो माझ्याकडे वळला. “म्हटलं होतं का गं?”

मला आजही ती बैठक दिसते. पितळी पाटीची मागची बाजू, दारातून दिसणाऱ्या बाटल्या, नानांची हनुवटी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नेहमीसारखं खाली बघितलं.

“मला तसं आठवत नाही,” मी म्हटलं.

 मग आत्याच बोलल्या, अगदी सहज, भाजीवाल्याशी बोलावं तशा. “इंग्रजी शिकलेली पोरगी आहे. तिले आठवत नाही, तर नसंन म्हटलं मी.”

त्या आत गेल्या. मोरीत पाणी फेकल्याचा आवाज आला नाही.

साखर लपवणाऱ्या, गूळ लपवणाऱ्या बाईनं औषधही लपवलं, यावर विश्वास ठेवायला कोणाला जड गेलं नाही. आठ दिवसांत त्यांना खाप्याला, नवऱ्याच्या पुतण्याकडे पाठवून दिलं. सायकलरिक्षात त्यांच्या मांडीवर एक बोचकं होतं. पेटी घरातच ठेवून घेतली होती, परत कोणाला काही लावून बसेल म्हणून. मी आमच्या खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. त्यांनी वर बघितलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही नागपुरातच प्रताप नगरला राहायला गेलो. मी एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले. पोरींना सांगायचे, मान वर करून, स्पष्ट बोला. एका रविवारी मी कोणालाही न सांगता एस.टी.नं खाप्याला गेले.

पुतण्याच्या घराच्या मागच्या अंगणात त्या सुपात तूर पाखडत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“मॅडम आल्या.”

मी बसले. शेजारची एक बाई डोक्याला फडकं बांधून कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. आत्यांनी तिच्याकडे हनुवटीनं दाखवलं. “चार दिवस झाले तिचं डोकं धरून राहिलं. दिसते मले इथून. कानाच्या मागे दाबलं तर अर्ध्या तासात उतरंन. पण येत नाही. नागपूरले कपाळं जाळले म्हणे म्हातारीनं. इथंवर आलं ते.”

मी वाटेत जुळवलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. की मला आठवत होतं. की मी घाबरले. की मी रोज—

“मले काय सांगतेस?” त्यांनी मला थांबवलं. “मले माहीत आहे. मी होती ना तिथं. ज्यांले माहीत नाही, त्यांले सांग.”

“सांगते,” मी म्हटलं.

“हौ,” त्या म्हणाल्या. चंदनाचं खोड हातात घेताना म्हणाल्या होत्या तशाच.

चहा त्यांनी दिला नाही. मी उठले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुंपणाच्या फटीतून मी एकदा मागे बघितलं. पलीकडच्या बाईनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं होतं. आत्यांचे हात सुपावर थांबले होते आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे दोन्ही अंगठे हळूहळू, जागच्या जागी, सुपाच्या काठावर फिरत होते. मग त्यांनी पुन्हा तूर पाखडायला सुरुवात केली.

मी सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात शाळेच्या परीक्षा होत्या. मग आईचे गुडघे. मग मला वाटलं, आता इतक्या दिवसांनी. आठ महिने गेले.

आईच्या गुडघ्यांसाठी तेल आणायला मी महालात गेले त्या सकाळी नानांच्या बैठकीत बाकावर चार रोगी होते. अलीकडे लोक पुन्हा येऊ लागले होते. नानांना आता ऐकू कमी यायचं, प्रभाकरदादा त्यांच्या शेजारी बसून रोग्यांचं बोलणं मोठ्यानं सांगायचा. पोस्टमन खाप्याचं कार्ड देऊन गेला. प्रभाकरदादानं ते वाचलं, उलटं करून पाहिलं, आणि नानांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “मनूआत्या गेली. सोमवारी.”

नानांनी डोळे मिटले.

“सुटली बिचारी,” बाकावरचा एक म्हातारा म्हणाला. “लेप मात्र चांगला लावायची.”

“लावायची,” प्रभाकरदादा म्हणाला. “पण खरं माप शेवटपर्यंत सांगितलं नाही तिनं आम्हाला. बरोबर घेऊन गेली.”

मी तेलाची बाटली बाकावर ठेवली. काहीतरी म्हटलं. ते मलाही नीट ऐकू आलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नानांनी कानामागे हात धरला. “काय म्हणते ती पोरगी?”

प्रभाकरदादानं ते त्यांना मोठ्यानं सांगितलं नाही. त्याला ऐकू आलं असावं. पण नाना माझ्याकडेच बघत होते, हात कानामागे तसाच. म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं, रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून आत बघेल एवढ्या मोठ्यानं:

“नाना, सुंठ मी घासली होती. आत्यांनी मला लिहू नको म्हटलं होतं. मला ते आठवत होतं, आणि मी तुमच्यासमोर खोटं बोलले.”